साळवे सिस्टरांचं खड्डा मटण

मटण ही श्रद्धेने खाण्याची वस्तू आहे. आमच्या नगर जिल्ह्यात ज्या थोड्या गोष्टींवर सगळ्या जातिधर्मांचं एकमत आहे, त्यांत ही एक येते. भावाभावांचं बोलणं बंद असलं, तरी समोर रस्सा आला की दोघेही मान खाली घालतात आणि तेवढ्यापुरते का होईना, नम्र होतात.

साळवे सिस्टरांची मटणावर श्रद्धा नव्हती. पोलीस सराईत चोराकडे बघतो, तसं त्या मटणाकडे बघत. आणि तरीही सावेडीतल्या आमच्या इमारतीत, किंबहुना त्या सगळ्या गल्लीत, त्यांच्या तोडीचं मटण कोणी करत नसे.

सिस्टर तळमजल्यावर राहत, मी दुसऱ्या मजल्यावर. उंच, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि साडी अशी नेसलेली की वादळातही एक निरी हलायची नाही. सगळी नोकरी त्यांनी एका इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर इमारतीतल्या सगळ्यांची इंजेक्शनं, ड्रेसिंग आणि रक्तदाब आपोआप त्यांच्याकडे आले. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो, तेव्हा माझ्याकडे कोणी पुस्तक मागायला आलं नाही. हा फरक मी मोकळेपणाने मान्य करतो.

त्या भित्र्या होत्या असं कोणी कोणी म्हणत, पण ते खरं नव्हतं. पार्किंगमध्ये साप निघाला, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष जिन्यावरून मार्गदर्शन करत होते. सिस्टरांनी त्या सापावर बादली पालथी घातली आणि सर्पमित्र येईपर्यंत तिच्यावर पाय ठेवून उभ्या राहिल्या. त्या वेळात त्यांनी अध्यक्षांना त्यांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, हेही विचारून घेतलं.

त्या एकाच गोष्टीला भीत. घशाला.

दुसऱ्याच्या घशाला. इमारतीतल्या पोरांना त्या द्राक्षं देत ती उभी चिरून. शेंगदाणे खाणाऱ्या मुलाला पळू देत नसत. त्यांच्याकडे जेवायला बसलं की त्या समोर उभ्या राहत आणि आपल्या चेहऱ्याकडे न बघता गळ्याकडे बघत. घास खाली उतरला की त्यांचे खांदे थोडे उतरायचे. पुढचा घास उचलला की पुन्हा वर. पहिल्यांदा जेवलो तेव्हा मला वाटलं, माझ्या गळ्याला काहीतरी गाठबीठ आली असावी आणि सिस्टरांना ती दिसली असावी. मी त्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आलो.

त्यांच्या टेबलावर विनोदाला बंदी होती. मला ती विशेष जाचक वाटे. कोणाला काही सुचलंच आणि ओठ हलायला लागले, की त्या हात वर करत. "हसायचं असेल तर आधी गिळा," म्हणत. मग सगळे गिळत, आणि तेवढ्यात विनोद शिळा होई.

याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता, पाठमोऱ्या उभ्या राहून. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत थिएटरमध्ये एक लहान मुलगी आणली होती. लग्नाच्या पंगतीतून थेट. सत्तुराने तोडलेल्या मटणाच्या हाडाची एक कपची तिच्या घशात गेली होती. डॉक्टरांनी ती काढली आणि सिस्टरांनी धरलेल्या ट्रेमध्ये टाकली. "नखाएवढी होती," त्या म्हणाल्या. "पोर वाचली नाही. तिने काही चूक केली नव्हती. जेवताना हसली, एवढंच."

एवढं बोलून त्यांनी पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं.

आता एखाद्याने यातून शाकाहाराचा मार्ग धरला असता. सिस्टरांनी तसं केलं नाही. त्यांचे वडील भिंगारच्या लष्करी मेसमध्ये आचारी होते आणि मटण घरात रक्तासारखं होतं. सरावाला गेलेल्या जवानांसाठी ते अख्ख्या ब्रेडचा गाभा काढून त्यात मटण भरून पाठवत. या पदार्थाबद्दल एका पुरवणीत कोणीतरी लिहिलं होतं की हा दोन संस्कृतींच्या मीलनाचा चविष्ट दस्तऐवज आहे. मी ते सिस्टरांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मैदानात ताटं घासायला कोण जाणार, म्हणून करायचे."

सिस्टर त्याला नुसतं 'ब्रेडमधलं' म्हणत. 'खड्डा मटण' हे नाव गल्लीने ठेवलं. ज्याने नगर-मनमाड रस्त्यावर प्रवास केला आहे, त्याला या नावाची व्युत्पत्ती सांगावी लागत नाही.

ब्रेड भिंगारच्या बेकरीतून यायचा, न कापलेला आणि आदल्या दिवशीचा. ताजा ब्रेड रस्सा आला की गुडघे टेकतो, असं त्यांचं मत होतं. वरची टोपी सुरीने उडवायची, आतला गाभा बोटांनी ओढून काढायचा, बोटभर जाडीच्या भिंती ठेवायच्या आणि आतून तूप लावून तो उलटा तव्यावर शेकायचा. मटण कोवळ्या बोकडाचं. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, आणि रस्सा दाट व्हावा म्हणून येसूर, म्हणजे बाजरी आणि डाळी मसाल्याबरोबर भाजून दळलेलं पीठ. लवंग, वेलदोडा, दालचिनी सगळं फडक्यात बांधून सोडायचं आणि शेवटी ती पुरचुंडी बाहेर काढायची. सुटी लवंग त्यांना सुट्या कुत्र्यासारखी वाटे.

आणि हाड नाही. एकही नाही.

नगरमध्ये बिनहाडाचं मटण मागणं म्हणजे देवळात जाऊन फक्त चपला सांभाळायच्या आहेत असं सांगण्यासारखं आहे. त्यांचा खाटीक रशीदभाई दर वेळी दुखावला जाई. सिस्टर त्याच्यासमोर उभ्या राहत आणि त्याला सत्तूर उचलू देत नसत. अख्खी मांडी घ्यायची आणि सुरीने हाडावरून मांस सोडवायचं. घाव घालायचा नाही, कारण घावाने कपच्या उडतात.

"सिस्टर, नळी न्हाई तर मटनात हाय काय?" तो म्हणे. "हाड हाय म्हनून तर बोकड उभा व्हता."

"बोकडाला हवं होतं," सिस्टर म्हणत. "मला नको."

एवढ्यावरही त्यांचा विश्वास नसे. घरी आल्यावर धुतलेल्या मटणाचा एकेक तुकडा त्या बोटांमधून काढत. डोळे मिटलेले असत. डोळे फसतात, बोटं फसत नाहीत, असं म्हणत. तुकडा अंगठा आणि दोन बोटांत दाबून, फिरवून, पातेल्यात. कधी तरी हात थांबे, आणि त्या एखादी पांढरी किरच स्टीलच्या ताटलीत ठेवत. ती टिणकन वाजे. तो आवाज ऐकून माझी भूक थोडा वेळ जायची.

या बोटांवर गल्लीचा विश्वास बसला होता. आया आपली लहान मुलं निर्धास्तपणे त्यांच्याकडे जेवायला पाठवत. सिस्टरांच्या मटणात हाड निघणार नाही, हे सूर्य पूर्वेला उगवण्यासारखं झालं होतं. श्रद्धा म्हणतात ती हीच. फक्त ती दुसऱ्याच्या बोटांवर होती.

मग एका थंडीत मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभा असताना त्यांनी गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. हाताने, फडक्याशिवाय. झाकण चांगलं तापलेलं होतं. त्यांनी ते शांतपणे ओट्यावर ठेवलं आणि रस्सा ढवळायला घेतला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो, म्हणून त्यांनीही बघितलं. बोटांची टोकं लाल झाली होती आणि फुगत होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

त्यांनी गॅस बंद केला. हात नळाखाली धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यांना साखरेचा त्रास जुना होता, हे मला माहीत होतं. पुढचं त्यांनी सांगितलं. आधी पाय गेले होते, म्हणजे पायांची जाणीव. आता बोटं. "झोपलीत," त्या म्हणाल्या. "आता उठायची नाहीत."

कधीपासून, असं मी विचारलं. त्या कसलातरी हिशेब करत असाव्यात, कारण त्या खिडकीतून खाली खेळणाऱ्या मुलांकडे बघत होत्या, एकेकाकडे. त्या दिवशीचं मटण आम्ही दोघांनी मिळून फेकलं. मी आयुष्यात एवढ्या दुःखाने काही फेकलेलं नाही, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

त्यांनी त्यानंतर मटण करणं बंद केलं. गल्लीला कारण सांगितलं, आता उभं राहवत नाही. तसं ते तिथेच संपलं असतं. पण कोल्हारहून संदेश आला.

संदेश हा त्यांच्या भावाचा मुलगा. सिस्टर मूळच्या कोल्हारच्या. तिथल्या त्यांच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पीक घरात आल्यावर कापणीचा सण होतो. उपासना आणि मग जेवण. त्या वर्षी जेवणाला साखर कारखान्याचे एक संचालक प्रमुख पाहुणे होते, आणि संदेशने आत्याला न विचारता फ्लेक्स लावून टाकला होता. वर संचालक, त्यांच्याखाली पाळकसाहेब, त्यांच्याखाली नांगर, आणि कोपऱ्यात सिस्टरांचा नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'सुप्रसिद्ध खड्डा मटण'. त्याने तो मोबाईलवर दाखवला.

सिस्टर म्हणाल्या, जमणार नाही. संदेश म्हणाला, हरकत नाही आत्या, मग आईच करील, मटण तर सांगितलंच आहे, कोल्हारचा खाटीक सकाळीच तोडून देणार आहे.

"तोडून?" सिस्टर म्हणाल्या.

"बोनलेसच सांगितलंय. आधी सत्तुराने बारीक करतो, मग हाडं वेचतो. लवकर होतं."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. बोटं नसलेल्या माणसाने करावं, की सत्तुराने तोडलेलं मटण बिनहाडाचं म्हणून ब्रेडमध्ये झाकून पोरांच्या हातात जाऊ द्यावं, असा तो प्रश्न होता. ब्रेडमधून खाताना माणूस आत काय आहे ते बघत नाही. मऊ आहे म्हणून बिनधास्त चावतो. त्या संदेशला म्हणाल्या, येते. आणि मला विचारलं, सर, गाडी काढाल का.

कोल्हारला पोचलो तेव्हा मटण आलेलं होतं. बारीक, देखणे तुकडे. चर्चच्या मागे पत्र्याची शेड होती, तिला एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने दोरीवर पांढरी चादर बांधलेली. चादरीबाहेर बायका कांदे चिरत बसल्या होत्या. त्यांत सुशीलावहिनी, संदेशची आई. ठसठशीत बाई, मोठा आवाज. नणंदेच्या भीतीची तिने आयुष्यभर थट्टा केली होती, पण जीवही तिच्यावरच होता. "आल्या का वन्सं," ती म्हणाली. "बसा आता हाडं वेचीत. आमच्या सासऱ्यानं आख्खी नळी फोडून खाल्ली, त्यांना काय झालं न्हाई."

आत आल्यावर सिस्टरांनी हात धुतले, थिएटरमध्ये धुतात तसे, कोपरापर्यंत. एक तुकडा उचलला. डोळे मिटून बोटांत फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता.

"दगड आहे की मटण आहे, तेही कळत नाही," त्या हळू म्हणाल्या.

मी म्हणालो, मी बघतो. त्यांनी मला एक तुकडा दिला, मी तो तपासून चांगला आहे म्हणालो, आणि त्यांनी त्यातून सुरीच्या टोकाने एक कपची काढून दाखवली. ती त्यांना डोळ्यांनी दिसली होती. मग वहिनींना बोलवू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ती हसेल, आणि हसता हसता वेचील.

मग त्यांनी तो तुकडा पुन्हा धुतला आणि खालच्या ओठाला लावला. ओठावरून हळूच फिरवला. दुसरी बाजू. तुकडा पातेल्यात. दुसरा उचलला.

"ओठ अजून जागे आहेत," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, हे उष्टं होईल."

"उकळणार आहे. उकळीत काही उरत नाही." त्यांनी तिसरा तुकडा लावला. "लोकांच्या मनात उरतं. म्हणून तुम्ही चादरीपाशी उभे राहा. कोणाला आत येऊ देऊ नका."

मी उभा राहिलो. आमच्याकडे धर्म बदलता येतो, शहराचं नाव बदलता येतं, पण उष्टं ते उष्टंच राहतं. कोणी चादर बाजूला केली असती, तर त्या बाईला पुन्हा कोल्हारमध्ये कोणी पाणी मागितलं नसतं. आणि नाही केली, तरी एक कपची निसटली तर? बाहेर कांदे चिरण्याचा आवाज येत होता. आत मधूनच ताटलीत टिणकन. एक कपची निघाली ती जाड सुईसारखी होती. सिस्टरांनी ती ओठावरून काढली तेव्हा तिथे रक्ताचा थेंब होता. त्यांनी तो पुसला, त्या नळाशी गेल्या, चूळ भरून आल्या आणि पुन्हा सुरू केलं. मध्येच माझ्या लक्षात आलं की बाहेरचा कांद्याचा आवाज थांबला आहे. मी चादर घट्ट धरली. कोणी आलं नाही.

जेवणाआधी संचालकांचं भाषण झालं. ते शेतकरी, ऊस, बंधुभाव आणि स्वतः यांच्याविषयी होतं. शेवटच्या विषयावर ते रमले. तोवर भरलेल्या ब्रेडचं बूड ओलं होत होतं. मग एकदाचं आमेन झालं आणि सगळ्यांनी ब्रेडच्या टोप्या उचलल्या.

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पंगत बघत नव्हत्या, गळे बघत होत्या. मीही त्या दिवशी तेच केलं, आणि मला कळलं की हे आयुष्यभर करणं म्हणजे काय असेल. इतके गळे, आणि प्रत्येकात एक दार. एक मुलगी खोकली. सिस्टर धावल्या. पोरीने पाणी पिऊन तिखट आहे म्हणून सांगितलं आणि पुढचा घास घेतला. सिस्टर तिथेच खाली बसल्या.

कोणालाही काही झालं नाही. संचालक म्हणाले, मटण छान, पण नळी हवी होती.

निघताना सुशीलावहिनी सिस्टरांपाशी आली. तिने नणंदेचे दोन्ही हात धरले. एरवी असं काही ती करत नसे.

"वन्सं, आमी समद्यांनी बगितलं."

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असावा.

"खिडकीतून ऊन येत हुतं ना. चादरीवर सावली पडली व्हती तुमची," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एकेक तुकडा ओठाशी नेऊन प्रार्थना करत हुत्या तुमी. एकेका तुकड्यावर. बाया कांदा चिरायच्या थांबल्या. मी लई बोलले तुम्हाला आजवर, माफ करा."

सिस्टरांनी हात सोडवून घेतले आणि त्या गाडीकडे निघाल्या. गाडीत, बराच रस्ता मागे गेल्यावर म्हणाल्या, "सांगायला हवं होतं." मग थोड्या वेळाने, "पण खाऊन झालेल्या माणसांना काय सांगायचं?"

पुढल्या वर्षी त्यांना फक्त बसायला बोलावलं. त्यांची नजरही तेव्हा कमी झाली होती. मीच घेऊन गेलो. चादर काढून टाकलेली होती, कारण आता काही लपवायचं नव्हतं. सुशीलावहिनी आणि चार बायका ओळीने बसल्या होत्या. एकेक तुकडा उचलायचा, डोळे मिटायचे, ओठांपाशी न्यायचा, पुटपुटायचं, पातेल्यात टाकायचा. उष्टं होऊ नये म्हणून तुकडा ओठांपासून बोटभर लांब धरत. मटण सत्तुराने तोडलेलं होतं आणि नळ्या वर दिसत होत्या. गेल्या वर्षीच्या तक्रारीची दखल घेतली होती.

सिस्टर ते बघून उठल्या. काठी घेऊन सरळ माईकपाशी गेल्या, पाळकसाहेबांच्या हातातून माईक घेतला, आणि सगळं सांगितलं. बोटं गेली होती. प्रार्थना नव्हती. हाड शोधत होते. तुम्ही माझं उष्टं खाल्लंत. माझ्यावर रागवा, थुंका, पण हे मटण मुलांना देऊ नका, यात कपच्या आहेत.

मला वाटलं, आता दगड येणार.

मग पाळकसाहेबांनी माईक परत घेतला आणि ते म्हणाले की स्वतःच्या प्रार्थनेचंही श्रेय न घेणं, याला नम्रता म्हणतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुशीलावहिनी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "आमच्या वन्संला मोठेपणा सोसतच न्हाई."

जेवण वाढलं. सिस्टर मुलांच्या पंगतीसमोर गेल्या. हसू नका, आधी गिळा, असं एकेकाला सांगत होत्या, आणि त्यांचा तो सूर ऐकून मुलं आणखी हसत होती. शेवटी कोणीतरी त्यांना एक स्टूल दिलं. त्या पंगतीसमोर बसल्या, बधीर हात मांडीवर, मान पुढे काढलेली, आणि ज्या डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं त्या डोळ्यांनी गळ्यामागून गळा बघत राहिल्या. सिस्टर म्हटलं की मला त्या तशाच दिसतात. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

कोल्हारला ती पद्धत अजून चालू आहे. आता आसपासच्या गावांतूनही लोक खास प्रार्थना केलेलं मटण खायला येतात. लहान मुलं पुष्कळ असतात. मटण हाडासकट असतं.